भय्याजींची नाव

"थांब, हालू नोको," म्हणत भय्याजींनी मोबाइल भूपेंद्रच्या नाकासमोर धरला. "हे पाय. अश्शी लाट पायजे. पायनारा मानूस दोन पावलं मागं सरला पायजे."

भूपेंद्र बांबूच्या परांचीवर उकिडवा बसला होता. त्याने हातातला खडू कानावर अडकवला आणि वाकून पाहिलं. मोबाइलवर एक जुनं विलायती चित्र होतं. भय्याजींच्या पुतण्याने नागपूरहून पाठवलेलं. काळंनिळं आभाळ, खडकावर आपटून मधोमध मोडलेलं जहाज, आणि त्याच्या दिशेने निघालेली एक लहान नाव. वल्ही मारणारे पार वाकलेले. नावेच्या पुढच्या टोकाला एक माणूस पाय रोवून उभा होता. त्याने पाण्याकडे हात लांबवला होता आणि त्या हाताला एक बाई लोंबकळत होती. आजूबाजूच्या फेसात नुसती डोकी.

"समुद्र हाये जी हा," भूपेंद्र म्हणाला. "आपल्या इथं कायचा समुद्र?"

"आपल्या इथं समुद्रच तं हाये. धरन बांधल्यापासून दुसरं काय दिसते तुले?" भय्याजी हसले. "अन् हा पुढं उभा हाये ना, त्याले माहं तोंड दे. मोठं. रोडवरून दिसलं पायजे."

भिंत समाजमंदिराची होती. नवं चिचघाट हे पुनर्वसनाचं गाव. एकासारखी एक घरं, सरळ सिमेंटचे रस्ते, सावली देण्याएवढं मोठं अजून एकही झाड नाही. जुनं चिचघाट गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं, पण गावाची थोडी शेती उंचावर होती, ती पाण्याच्या पलीकडे उरली. तिकडे जायचं तर धरणाच्या भिंतीवरून लांबचा वळसा, नाहीतर भय्याजींची इंजिनची नाव. भय्याजींचं किराणा दुकान होतं, मासेमारीचा ठेका होता आणि ही एक नाव होती. गेल्या वर्षी भादव्यात, पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, धानाच्या निंदणाला निघालेल्या बायामाणसांनी भरलेली ती नाव मधल्या बुडक्या झाडांमध्ये उलटली. नऊ जण गेले. नाव चालवणाराही गेला. दोघे तर सापडलेच नाहीत.

त्या दिवशी भय्याजी दुसरी बोट घेऊन पोहोचले तेव्हा पाणी शांत झालं होतं. पण पेपरात फोटो आला तो त्यांचा, गुडघाभर पाण्यात उभे असतानाचा. चौकशी अजून चालू होती. आता वर्षश्राद्धाच्या दिवशी आमदारसाहेब येणार होते, त्याआधी भिंत तयार हवी होती.

भूपेंद्रला हे सगळं पवनीत बसून वाचल्याचं आठवत होतं. पवनीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एके काळी त्याच्या हातच्या होत्या. अक्षराला सावली द्यावी तर त्यानेच, असं लोक म्हणत. मग फ्लेक्स आले आणि पाट्या एकेक करून उतरल्या. आता शाळांच्या भिंतीवर पाढे, अंगणवाडीत हत्ती-ससा, ग्रामपंचायतीत शौचालयाच्या घोषणा. एवढं मोठं चित्र, खरीखुरी माणसं असलेलं, त्याला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. बायकोला, रेणूला, त्याने चित्र दाखवलं तेव्हा तिने मोबाइल परत त्याच्या हातात दिला.

"मेलेल्या लोकायच्या गावात हे काढसाल का तुमी?"

"वाचवतानाचं हाये न ते."

"मले तं बुडतानाचं दिसून राह्यलं," रेणू म्हणाली आणि चुलीकडे वळली.

पहिले काही दिवस त्याने फक्त पाणी रंगवलं. निळीत भिजवलेली सुतळी ताणून भिंतीवर चौकोन पाडले आणि एकेक चौकोन भरत गेला. त्याने समुद्र कधी पाहिलेला नव्हता. परांचीवरून मान वळवली की खरं पाणी दिसायचं. त्यात लाट नव्हती. ते नुसतं वाढत होतं. वर कुठेतरी जोराचा पाऊस होता. पाण्यातून वर आलेली वाळलेली झाडं रोज थोडी आखूड होत. एका सकाळी घाटाजवळचं बाभळीचं टोक दिसेनासं झालं. दुसऱ्या दिवशी घाटाची आणखी एक पायरी गेली. धरणाकडून भोंगा वाजायचा, गावातली कुत्री भुंकायची, मग पुन्हा शांत.

त्याच पाण्यावर भय्याजींची नाव पुन्हा चालू झाली होती. इंजिन तेच, लाकूड तेच, रंग तेवढा नवा. पलीकडे धान पोटरीवर आलं होतं, निंदण कोणासाठी थांबणार नव्हतं. सकाळी नाव भरायची. बाया पाट्या मांडीवर घेऊन एकमेकींना चिकटून बसत. भूपेंद्र ब्रश थांबवून बघत राही. नाव झाडांच्या पलीकडे गेली आणि इंजिनचा आवाज सरळ लागला, की मग तो पुन्हा रंगात ब्रश बुडवी.

नाव आता विनोद चालवायचा. तिशीतला, अंगाने दणकट, गुटखा खाऊन ओठ लाल झालेला पोरगा. त्याचा धाकटा भाऊ मनिष न सापडलेल्या दोघांपैकी एक होता. हे भूपेंद्रला विनोदच्या आईकडून कळलं.

शकुंतलाबाई एका दुपारी भिंतीपाशी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या लाटाच पाहत होत्या.

"पेंटर भाऊ, यात मानसं कधी काढसाल?"

"उद्यापासून, मावशी."

त्यांनी कमरेची पिशवी काढली. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं कॉलेजचं ओळखपत्र होतं. फोटोतला पोरगा मान जरा जास्तच ताठ करून बसला होता.

"याले बसवा न. नावेत."

भूपेंद्रने ब्रश खाली ठेवला. "मावशी, हे चित्र तसं नाई. भय्याजी म्हनते..."

"पान्यात नोको काढू. नावेत बसव. सापडलाच नाई तं जाळला बी नाई आमी त्याले." त्या ओळखपत्र परांचीच्या फळीवर ठेवून खाली बसल्या. "एक मानूस काय जड हाये?"

त्याने मनिषला बसवलं. मधल्या फळीवर, उजव्या बाजूला. विलायती चित्रातल्या दाढीवाल्याच्या जागी भंडाऱ्याच्या कॉलेजातला पोरगा. चेहरा जमला, तशा शकुंतलाबाई उठून भिंतीच्या अगदी जवळ गेल्या आणि हात लावता लावता थांबल्या, रंग ओला होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी दोघीजणी आल्या. एकीच्या हातात लग्नातला फोटो होता, घडी पडून नवरीच्या तोंडावर रेघ गेलेला. मग एक म्हातारा, सखाराम, आला, त्याच्याकडे फोटोच नव्हता. तो म्हणाला, "माह्या सुनेचं नाक बारीक होतं, एवढं ध्यानात ठेव." पुढच्या तीन-चार दिवसांत गेलेल्या सगळ्यांचीच माणसं आली. नाही म्हणणं भूपेंद्रला जमलं नाही. आयुष्यभर लोकांनी सांगितलं ते त्याने लिहिलं होतं. कोणी म्हणालं भगवा, तर भगवा. कोणी म्हणालं अक्षर मोठं, तर मोठं. तो नावेत जागा करत गेला. वल्हीवाले कमी केले, माणसं दाटीने बसवली. नाव पाण्यात खाली खाली गेली, तशी त्याने लाटेची रेघ वर घेतली.

बायजाबाई या सगळ्यांच्या नंतर आली. डोक्यावर मासळीची पाटी होती. गावातल्या लोकांनी आवाज खाली करून त्याला सांगितलं होतं की त्या दिवशी खरी पोहोचली ती ही. जाळं काढायला एकटीच लहान डोंगा घेऊन गेली होती, तिनेच पाच जण काठाला आणले. पेपरवाले आले तेव्हा ती घरी बसून राहिली, दार उघडलंच नाही.

तिने पाटी उतरवली. "कोनतं पाहून काढून राह्यला?"

भूपेंद्रने मोबाइल दिला. लुगड्याला हात पुसून तिने तो दोन्ही हातांत धरला आणि चित्र डोळ्यांजवळ नेलं.

"हा पुढचा कोन?"

"भय्याजी."

"हं." मग तिने बोट नावेच्या मागच्या टोकाला नेलं. "याचं तोंड पाह्यलं का तू?"

त्याने पाहिलं नव्हतं. सगळे वल्हीवाले जहाजाकडे बघत होते. शेवटचा एक मात्र खाली बघत होता, वल्ह्याच्या अगदी जवळ आलेल्या एका डोक्याकडे. बाकी सगळ्यांची तोंडं ओरडताना उघडी होती, त्याचं मिटलेलं.

"त्याले मालूम हाये," बायजाबाई म्हणाली.

"काय?"

"का आता कोनालेच घेता येत नाई."

ती भिंतीच्या सावलीत बसली. भूपेंद्र परांचीवरून खाली आला.

"माहा डोंगा तिघाचा. मी पाच भरले. सगळे गयावया करून राह्यले, देवाचं नाव घेऊन राह्यले. मंग एक हात आला कोरेवर. डोंगा कलला. आतले बोंबलले, बायजा, बुडलो, बायजा, बुडलो." ती पाटीतल्या मासळीवरची माशी हाकलत राहिली. "मी वल्ह्यानं बोटावर मारलं. सुटला नाई. मंग अजून मारलं."

पाण्याकडून भोंगा वाजला.

"कोन होतं, मावशी?"

"पान्यात सगळ्यायचे हात सारखेच दिसते, भाऊ."

"मी तुमाले काढू का? वल्हं तुमच्या हातात देतो. भय्याजीले काय सांगायचं ते मी पायतो." हे बोलताना त्यालाच आपल्या आवाजाची भीती वाटली.

"नोको." तिने पाटी उचलायला हात लावला. "लोकं नमस्कार करतीन चित्राले. तो नमस्कार मले पेलवत नाई." पाटी डोक्यावर घेऊन झाल्यावर तिने पहिल्यांदा भिंतीकडे नीट पाहिलं. एकेका चेहऱ्यावर तिची नजर थांबत गेली. "लय भरली तू हे," ती म्हणाली. "अशी नाव निघाली असती तं मी काठावरूनच ओरडली असती."

त्यानंतर दिवसभर भूपेंद्रला मनिषचे हात काढता आले नाहीत. शेवटी त्याने ते पुढच्या माणसाच्या पाठीआड लपवले. संध्याकाळी शकुंतलाबाई आल्या. रोजच्यासारख्या उभ्या राहिल्या.

"याचे हात कुठी हायेत?"

"मागं हायेत, मावशी. पुढच्याच्या आड."

"आड काहून? लहानपनापासून याले सवय, बसला का कायले तरी धरून बसायचा. धरलं पायजे त्यानं."

त्याने हात काढले. नावेची कोर घट्ट धरलेले, आतून. बोटांवर त्याने पुन्हा पुन्हा रंग दिला. शकुंतलाबाई समाधानाने मान हलवत होत्या आणि भूपेंद्रला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळीच भय्याजी आले. पांढरा सदरा, गळ्यात नवा दुपट्टा. लांबूनच त्यांना स्वतःचं तोंड दिसलं आणि ते खूश झाले.

"वा रे पेंटर! मिशी तं बरोबर उतरवली." मोबाइल काढून त्यांनी एक फोटो घेतला. मग जवळ आले. मग आणखी जवळ आले. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे फिरत होते. "हा कोन? हा विन्याचा भाऊ हाये ना?"

"हो जी."

"अन् हे... ही तं सखारामची सून." त्यांचा आवाज खाली आला. "सगळे मेलेले बसवले तू?"

भूपेंद्रने परांचीचा बांबू धरला. भय्याजींच्या बाजूला उभं राहून त्यानेही प्रथमच चित्र पूर्ण पाहिलं. इतके दिवस तो एका वेळी एकच चौकोन पाहत होता. पाणी नावेच्या काठाला टेकलं होतं. माणसावर माणूस होता, शिंकायला जागा नव्हती. ते सगळे ज्यांच्या ओळखीचे होते त्यांना पाहताक्षणी कळावं, इतके ओळखू येत होते. आणि त्या भरलेल्या नावेच्या पुढे, छाती काढून, नावेचा मालक उभा असावा तसे भय्याजी उभे होते.

"लोकायनं सांगतलं जी. मले नाई म्हनता आलं नाई."

"कोनं शिकवलं तुले?"

"कोनी नाई. खरंच कोनी नाई."

"उद्या साहेब येतीन. पेपरवाले येतीन." भय्याजींनी इकडेतिकडे पाहिलं. "चुना मार याच्यावर. आत्ता."

"ऑइल पेंट हाये जी. चुना धरनार नाई त्याच्यावर. पोपडे पडतीन."

"उद्याचा दिवस धरला तं पुरे. त्याच्यावर फ्लेक्स टांगतो मी." ते दोन पावलं गेले आणि परत फिरले. आवाज अगदी साधा होता, चहा घेणार का विचारावं तसा. "तू पवनीले रोज फटफटीनं जातो ना? धरनाच्या पाळीवरून? लय निसरडं झालं हाये म्हनते तिथं."

दुकानातल्या पोरांनी चुन्याची बादली आणून ठेवली. भूपेंद्रने आधी आभाळावर हात फिरवला, मग मोडक्या जहाजावर, मग लाटांवर. भय्याजींचं तोंड गेलं. चुना ओला असताना पांढरा दिसत नाही, खालचं सगळं त्यातून दिसत राहतं, धुक्यातून दिसावं तसं. वाळत जातो तसा पांढरा होतो. चेहऱ्यांवर हात फिरवताना त्याने ब्रश हलका धरला आणि कोणाच्याही डोळ्यांवर पुन्हा नेला नाही.

घाटावर नाव लागली होती. पाट्या घेऊन निघालेल्या बाया रस्त्यात थांबल्या. एक थांबली म्हणून दुसरी थांबली. भय्याजी समाजमंदिराच्या पायरीवर उभे होते, ते म्हणाले, "भिंत खराब झाली होती वो बाई, दुसरं चांगलं काढू. चाला, चाला, नाव लागली हाये." शकुंतलाबाई भिंतीसमोर खाली बसल्या. मग बाकीच्याही बसल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, पाट्या शेजारी ठेवून. भूपेंद्रने असं बसणं पाहिलं होतं, अंगणात प्रेत ठेवलेलं असतं तेव्हाचं. यातल्या दोन घरांत गेल्या वर्षी अंगणात ठेवायलाही काही नव्हतं.

चुना वरून वाळत आला. आभाळ पांढरं झालं. वल्हीवाला गेला. सखारामच्या सुनेचं बारीक नाक गेलं. मनिषचे हात सगळ्यात शेवटी गेले, तिथे रंगाचा थर जाड होता.

विनोद घाटावरून दोनदा हाका मारून गेला. तिसऱ्यांदा तो स्वतः आला. भिंतीकडे न बघता आईला म्हणाला, "माय, ऊठ ना. ऊन होऊन राह्यलं. नाव निघते."

"नाव नाई निघत," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"असं काय करते? ह्यायचं निंदन कोन करनार? अन् मले इथं काम हाये का दुसरं?"

शकुंतलाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. त्या घाटाकडे चालू लागल्या, तेव्हा विनोदला वाटलं, माय समजली. भय्याजींनाही तसंच वाटलं असावं, त्यांनी दुपट्टा सावरला. शकुंतलाबाई पाण्यात उतरल्या, पोटऱ्या भिजेपर्यंत. नावेच्या फळीवर इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल पडलं होतं. त्यांनी ते उचललं, पदराने पुसलं, पाटीत भाकरीच्या गाठोड्याखाली ठेवलं आणि पाटी डोक्यावर घेतली.

"माय, हँडल दे."

त्या त्याच्या बाजूने निघून गेल्या.

"मावशी, हे बरं नाई बरं का," पायरीवरून भय्याजी म्हणाले. त्यांनी तोवर फोन कानाला लावला होता आणि कोणाला तरी कोंढ्याहून दुसरं हँडल घेऊन लवकर ये म्हणून सांगत होते. पाणी घाटाच्या आणखी एका पायरीला लागलं होतं.

बाया एकेक करून उठल्या आणि धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागल्या. वळसा लांबचा होता, पोहोचेपर्यंत दुपार झाली असती. काही जणी मात्र घाटावरच रेंगाळल्या, दुसरं हँडल येतं का ते बघत. भूपेंद्र चुन्याचे हात तसेच धरून उभा होता. विनोद मधे रस्त्यात, एकदा नावेकडे आणि एकदा आईकडे बघत.

शकुंतलाबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. लोखंडाच्या वजनाने पाटी एका अंगाला कलली होती. त्यांनी एक हात वर करून ती सरळ धरली आणि मागे न बघता चालत राहिल्या.